उलट्या बाजूनें वाचावयाचीं पुस्तकें

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या घरीं घडलेला एक लहानसा प्रसंग या लेखास निमित्त झाला. हे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक. घरांत पुस्तकांचीं चार कपाटें. सत्तरी उलटली तरी वाचनाचा उत्साह ओसरलेला नाहीं. त्यांची चौदा वर्षांची नात खिडकींत बसून एक पुस्तक शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे वाचीत होती. आजोबांनीं तें तिच्या हातांतून घेतलें, चार पानें उलटलीं, एका पानावर तलवारीनें राक्षसाचें मुंडकें उडालेलें पाहिलें, आणि "हीं कसलीं भुताटकीचीं चित्रें! वाचावयाचें तर कांहीं चांगलें वाच," असें म्हणून तें कपाटावर ठेवून दिलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. आम्हांस बोलावेंसें फार वाटलें. परंतु पाहुण्यानें यजमानाशीं किती वाद घालावा यास मर्यादा असते. ती मर्यादा मासिकाच्या पानांस नाहीं, म्हणून जें तेथें राहून गेलें तें येथें लिहीत आहों.

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्या देशाच्या लेखनपद्धतीस अनुसरून तो उजवीकडून डावीकडे वाचावयाचा, म्हणून आपल्या दृष्टीनें पुस्तक शेवटाकडून सुरू होतें. इतकें ज्ञान आतां पुष्कळ मराठी घरांतल्या शाळकरी मुलांस असतें. नसतें तें त्यांच्या वडीलधाऱ्यांस. त्यांचा समज असा कीं, मांगा हा एकाच घाण्यांतून निघालेला माल, सगळा सारखा: मोठ्या डोळ्यांच्या पोरी आणि मारामारी. वास्तविक कादंबरी म्हटल्यानें जसा पुस्तकाच्या गुणदोषांचा बोध होत नाहीं, तसा मांगा म्हटल्यानेंही होत नाहीं. जपानांत त्याची वर्गवारी मुख्यतः वाचकांवरून होते. मुलग्यांसाठीं शोनेन, मुलींसाठीं शोजो, प्रौढ पुरुषांसाठीं सेइनेन, प्रौढ स्त्रियांसाठीं जोसेइ. आणि या प्रत्येक वर्गांत युद्ध, संसार, स्वयंपाक, वैद्यक, खेळ, इतिहास, भुतेंखेतें, कचेरींतले हेवेदावे, काय वाटेल तें येतें. शितावरून भाताची परीक्षा करावी हें खरें. पण तें शीत त्याच हंडींतलें असावें लागतें. आमच्या स्नेह्यांनीं एका हंडींतलें शीत चेपून साऱ्या पंक्तीचा स्वयंपाक नासला असा निकाल दिला.

बरें, तें शीत तरी इतकें वाईट होतें काय? नातीच्या हातांतलें पुस्तक कोयोहारु गोतोगे यांचें 'किमेत्सु नो याइबा'. हें २०१६ ते २०२० या काळांत हप्त्यांनीं प्रसिद्ध झालें आणि लोकप्रियता शिगेस पोंचली असतां २३ खंडांत संपलें. जपानी साप्ताहिकांच्या जगांत हा संयम दुर्मिळच. राक्षस होऊन बसलेल्या बहिणीस पेटींत घालून पाठीवर वाहणारा एक मुलगा त्याचा नायक आहे. प्रत्येक मोठा राक्षस मरावयास टेकला म्हणजे तो माणूस असतांना त्याच्यावर काय गुदरलें तें सांगावयाचें, व ज्याच्या वधाची वाचक वाट पाहत होता त्याचीच कणव त्यास येऊं द्यावयाची, ही या कथेची रीत. चित्रें कोठें कोठें ओबडधोबड आहेत, लढाया लांबतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण महिषासुराचें तुटलेलें मुंडकें ज्या देवघरांत चालतें त्या घरांत जपानी राक्षसाच्या मुंडक्याचा इतका विटाळ कां व्हावा, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

येथें दुसऱ्या पक्षासही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. हा पक्ष तरुण भक्तांचा. यांस मांगा म्हटला कीं सर्व कांहीं गोड. जें कांहीं इंग्रजींत भाषांतरित होऊन आपल्या दुकानांच्या फळीवर येतें तेंच जपानी चित्रकथेचें सर्वस्व, अशी यांची श्रद्धा. पण ती निवड बहुतांशीं अमेरिकन बाजारानें केलेली असते, आणि त्या बाजारास सर्वांत प्रिय असतात त्या जाड साप्ताहिकांतून वर्षानुवर्षें चालणाऱ्या लांबच लांब मालिका. अशा साप्ताहिकांचा मुकुटमणि म्हणजे १९६८ सालीं निघालेलें 'शोनेन जंप'. १९९५ च्या सुमारास त्याचा खप ६५ लाखांवर गेला होता. या पत्रानें वाचकांच्या पोस्टकार्डांवरून कथांचा क्रम लावण्याची पद्धत रूढ केली. ज्या कथेस मतें कमी ती कांहीं आठवड्यांत गुंडाळावयाची, आणि जीस मतें अधिक तिला मरूं द्यावयाचें नाहीं. १९९७ सालीं सुरू झालेली 'वन पीस' शंभर खंड ओलांडून गेली तरी नायकाचें गलबत किनाऱ्यास लागेना, याचें रहस्य या पोस्टकार्डांत आहे. कानेहितो यामादा यांनीं लिहिलेली व त्सुकासा आबे यांनीं चितारलेली 'फ्रीरेन' पाहा. इंग्रजींत ती २०२१ पासून येऊं लागली. हजार वर्षांहून अधिक जगलेली एक मांत्रिक स्त्री आपल्या मानवी सोबत्याच्या मृत्यूनंतर, याला आपण ओळखून कां घेतलें नाहीं, या एका प्रश्नानें घायाळ होते. पहिले कांहीं खंड इतके शांत व करुण आहेत कीं वाचून पुस्तक मिटावें व गप्प बसावें. आणि मग मांत्रिकांची परीक्षा निघते, उमेदवार जमतात, झुंजी लागतात! आमच्या मतें तेथें कथेची वाट चुकली. भक्तांच्या मतें तेथेंच ती रंगली.

हप्त्यांत दोष असतो असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही 'करमणूक' साप्ताहिकांतूनच लोकांपुढें आली. त्या पिढींतही कादंबरी वाचणाऱ्या मुलीकडे डोळे वटारणारे आजोबा होतेच, आणि त्यांच्याही घरांत पुस्तकांचीं कपाटें असत.

आजोबांनीं कपाटावर पुस्तक ठेवलें, तसें एका अख्ख्या शहरानें करून पाहिलेलें आहे. केइजि नाकाझावा हे ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमांत होते. वय सहा वर्षांचें. शाळेच्या भिंतीच्या आडोशास असल्यामुळें ते वाचले. वडील, बहीण व धाकटा भाऊ गेले. १९७३ पासून त्यांनीं 'हादाशि नो गेन', म्हणजे अनवाणी गेन, ही चित्रकथा लिहिली, आणि तीही प्रथम 'शोनेन जंप'मध्येंच! २०१२ च्या डिसेंबरांत मात्सुए शहराच्या शिक्षणखात्यानें शाळांस कळविलें कीं, हें पुस्तक मुलांच्या हातीं सहज लागेल असें ठेवूं नका. कारण? त्यांत जपानी सैनिकांच्या क्रौर्याचीं चित्रें आहेत, त्यांत मुंडकीं उडविलेलीं आहेत. देशभर ओरड झाली आणि २०१३ च्या ऑगस्टांत तो हुकूम मागें घ्यावा लागला. पुढें २०२३ सालीं खुद्द हिरोशिमाच्या शिक्षणमंडळानें शांतिशिक्षणाच्या पाठांतून 'गेन' वगळला. आजच्या मुलांस पोटासाठीं रस्त्यावर गाणारा किंवा आईसाठीं मासा चोरणारा मुलगा समजावयाचा नाहीं, असें एक कारण दाखविण्यांत आलें. भूक समजावयाची नाहीं म्हणून भुकेचें पुस्तक काढून टाकावयाचें, हा युक्तिवाद ज्यांस पटत असेल त्यांनीं पुढील मजकूर न वाचला तरी चालेल.

त्याच नगरीवर फुमियो कोनो या १९६८ सालीं हिरोशिमांत जन्मलेल्या लेखिकेनें लिहिलेली लहानशी कथा, 'युनागि नो माचि, साकुरा नो कुनि', आम्हांस 'गेन'पेक्षांही वरच्या पायरीची वाटते. स्फोट होऊन दहा वर्षें झालेलीं आहेत. नदीकाठच्या झोपडींत आईसह राहणारी, कचेरींत काम करणारी मिनामि नांवाची तरुणी. तिच्यावर एक भला तरुण जीव टाकतो, आणि तिला सारखें वाटतें कीं आपणांस जगण्याचा, सुखी होण्याचा अधिकार नाहीं. जे मेले ते आपणांस बोलावीत आहेत. प्रेतांचा ढीग नाहीं, आक्रोश नाहीं. चपला झिजूं नयेत म्हणून ती नदीकाठानें अनवाणी चालते, एवढें दिसतें. हें पुस्तक एका बैठकींत वाचून होतें. आमच्या स्नेह्यांच्या कपाटांत युद्धावरील पाश्चात्य कादंबऱ्या हारीनें लागलेल्या आहेत. त्यांतल्या फार थोड्या या पातळ पुस्तकाच्या शेजारीं टिकतील.

शिगेरु मिझुकि यांचें नांवही येथें घेतलें पाहिजे. न्यू ब्रिटन बेटावर लढाईंत त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या एका हातानें त्यांनीं अर्धशतकाहून अधिक काळ चित्रें काढलीं. आरंभीं ते कामिशिबाईचीं चित्रें काढीत. म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावर लाकडी चौकटींत एकामागून एक चित्र सरकवीत मुलांस गोष्ट सांगणाऱ्यांचा जो धंदा, त्यासाठीं. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथ्यांची येथें कोणासही आठवण व्हावी. चित्र दाखवून कथा सांगणें हें आम्हां मराठी माणसांस कांहीं परकें नाहीं. मिझुकींची १९७३ ची युद्धकथा २०११ सालीं इंग्रजींत आली. वरिष्ठांच्या मानापायीं मरावयास पाठविलेल्या एका तुकडीची ती हकीकत. झाडें, डोंगर, समुद्र हे फोटोसारखे रेखीव, आणि त्यांत माणसें मात्र व्यंगचित्रांतलीं, बटबटीत नाकांचीं, हास्यास्पद. शेवटच्या पानांवर हीं हास्यास्पद माणसें पडलेलीं दिसतात तेव्हां हंसूं आपल्याच घशांत अडकतें.

अलीकडे भाषांतरित झालेल्यांपैकीं आणखी तिहींविषयीं. माकि फुजिवारा या पूर्वाश्रमीच्या नटी. योशिहारु त्सुगे या नामांकित चित्रकाराच्या पत्नी. त्यांची १९८० नंतरच्या एका वर्षाची चित्ररोजनिशी २०२३ सालीं इंग्रजींत निघाली. एका बाजूस चित्र, एका बाजूस चार ओळी. बाजारहाट, मुलाचा ताप, नवऱ्याचें मन खचलेलें, घरांत पैसा नाहीं. तक्रारीचा सूर नाहीं, आणि म्हणूनच वाचणारास घर किती जड असतें तें कळतें. प्रतिभावंतांच्या चरित्रांत त्यांच्या बायकांस अर्पणपत्रिकेपुरती जागा देण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या चालीवर हें पुस्तक चांगला उतारा आहे. दुसरें, ताइयो मात्सुमोतो यांचें 'तोक्यो हिगोरो', इंग्रजींत २०२४ सालीं तीन खंडांत आलेलें. तीस वर्षें नोकरी केलेला एक संपादक, आपण काढलेलें मासिक बुडालें म्हणून राजीनामा देतो, आणि मग थकलेल्या, विसरल्या गेलेल्या जुन्या चित्रकारांच्या घरीं जाऊन, एक शेवटचें मासिक काढूं या, असें सांगत फिरतो. मासिकाच्या धंद्यांतल्या कोणाही माणसानें हें वाचतांना सांभाळून वाचावें. तिसरें, 'आकाने बानाशि', हें शोनेन आहे, त्याच 'जंप'मधलें. पण त्यांत लढाई आहे ती राकुगोची. राकुगो म्हणजे गादीवर बसून, हातांत फक्त पंखा व रुमाल घेऊन, सर्व पात्रें आपणच बोलत गोष्ट सांगण्याची जपानी कला. वडिलांस एका वरिष्ठ कलावंतानें भरसभेंत हांकलून दिलें, म्हणून मुलगी ती कला शिकून उभी राहते. कीर्तनकाराच्या एका हुंकारावर सभा कशी डोलते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें पुस्तक समजावून सांगावें लागणार नाहीं.

आणि येथेंच आमच्या मूळ तक्रारीकडे येतों. हीं सर्व पुस्तकें मराठी घरांतलें मूल इंग्रजींतून वाचतें. मुंबई-पुण्याच्या दुकानांत फिरतांना मराठी मांगा आमच्या तरी दृष्टीस पडला नाहीं. विचारलें असतां तरुण भक्त म्हणतात, "मराठींत हें कसें बरें वाटेल?" ज्येष्ठ म्हणतात, "मराठींत हें हवें कशाला?" दोघांचें भांडण मोठें, पण निकाल एकच.

आमचें म्हणणें असें कीं, कांहीं बाबतींत या कामास इंग्रजीपेक्षां मराठी अधिक लायक आहे. पहिली गोष्ट ध्वनींची. जपानी चित्रांत शब्द रंगविलेले असतात: छातीसाठीं 'दोकिदोकि', मुसळधार पावसासाठीं 'झाऽऽ', आणि नवल म्हणजे मुळींच आवाज नसल्यासाठींही 'शीऽऽन'. इंग्रजी भाषांतरकारांची येथें पुष्कळदां तारांबळ उडते. कोणी मूळ अक्षरें तशींच ठेवून कोपऱ्यांत बारीक टीप देतो, कोणी क्रियापदच ध्वनि म्हणून छापतो. मराठीजवळ धडधड आहे, रिपरिप आहे, धो धो आहे, सळसळ, खळखळ, चरचर आहे; आणि निःशब्दतेसाठीं 'किर्र' आहे, 'सामसूम' आहे. दुसरी गोष्ट संबोधनांची. सान, कुन, चान, सामा यांनीं जपानी माणूस दुसऱ्यास आपल्यापासून किती अंतरावर बसवितो तें ठरतें, आणि कित्येक प्रेमकथांत सारा उत्कर्षबिंदु एवढाच असतो कीं, आज त्यानें तिला निराळ्या नांवानें हांक मारली. इंग्रजीच्या एकुलत्या एक सर्वनामांत हें सर्व बुडतें. आपल्याकडे तूं, तुम्ही, आपण; राव, ताई, साहेब, बाई. 'तुम्ही'वरून 'तूं'वर येण्यास आपल्या कथांतूनही कधीं कधीं शंभर पानें लागतात! 'मी' मात्र आपणांजवळ एकच; जपान्यांजवळ वाताशि, बोकु, ओरे असे अनेक; तेथें आपण इंग्रजांइतकेच दरिद्री.

पण त्या दारिद्र्यांतही एक गंमत आहे. रियोको इकेदा यांची १९७२-७३ ची प्रसिद्ध शोजो कथा 'व्हर्सायचा गुलाब' २०२० पासून संपूर्ण इंग्रजींत मिळूं लागली. तिची नायिका ओस्कार हिला बापानें मुलग्यासारखी वाढविली. ती राणीच्या रक्षकदळाची अधिकारी. मराठींत ती 'मी जातो' म्हणेल कीं 'मी जाते'? सैनिकांपुढें एक, एकांतांत दुसरें? आणि कोणत्या पानावर हा बदल व्हावा? इंग्रजी भाषांतरकारास हा प्रश्न पडतच नाहीं. मराठी भाषांतरकाराची त्यानें झोंप उडेल. ज्या प्रश्नानें भाषांतरकाराची झोंप उडते तो वाचकाच्या लाभाचाच असतो.

पानें उलटीं ठेवावीं कीं आपल्या रीतीप्रमाणें फिरवून घ्यावीं, हाही वाद निघतो. अमेरिकनांनीं आरंभीं आरशांतल्या प्रतिबिंबाप्रमाणें चित्रेंच फिरवून छापलीं. परिणाम असा झाला कीं सारे सामुराई डावखुरे झाले. एवढ्यावरही भागलें नाहीं. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू उजवीच्या वर घेतो. उजवी वर घेतात ती प्रेताच्या अंगावर. म्हणजे त्या फिरविलेल्या पुस्तकांत नायक-नायिका प्रेताचीं वस्त्रें नेसून प्रेम करीत होतीं. गेल्या वीसएक वर्षांत ही खोड बहुतेक गेली. मराठींत ती नव्यानें लावून घेऊं नये.

मात्र हें काम जपानीवरून व्हावें, इंग्रजीवरून नव्हे. नाहीं तर दुधाची तहान ताकावर भागविल्यासारखें होईल. माणसें नाहींत ही सबब पुण्यासारख्या शहरांत, जेथें जपानी शिकणारांचे वर्गच्या वर्ग भरतात, कोणी सांगूं नये. तीं माणसें आज कारखान्यांच्या कागदपत्रांचीं भाषांतरें करितात, कारण तेथें पानामागें पैसे मिळतात. हिंदीनें हें करून दाखविलेलें आहे: तोमोको किकुचि यांनीं कोनोंची वर सांगितलेली कथा व 'गेन' हीं दोन्ही थेट जपानीवरून हिंदींत आणलीं. मराठी वाचक 'तोत्तोचान' घरोघर वाचतो, शिरीष पैंच्या हायकूंस दाद देतो, आणि चित्रें दिसलीं कीं मात्र हात आखडता घेतो.

सर्वांत खटकतें तें ओसामु तेझुका यांच्या 'बुद्धा'विषयीं. १९७२ ते १९८३ पर्यंत चाललेला हा प्रचंड ग्रंथ. धर्मानंद कोसंब्यांचें 'भगवान बुद्ध' वाचून ज्यांचें मन घडलें त्यांस यांतल्या ऐतिहासिक स्वैराचाराचा राग येईल. गंभीर प्रसंगीं मध्येंच टवाळी करण्याची तेझुकांची खोड आम्हांसही आवडत नाहीं, आणि स्त्रियांच्या चित्रणांत संयम कमी आहे. परंतु या कथेचा आरंभ कोणापासून होतो? राजपुत्रापासून नाहीं. चाप्रा नांवाच्या एका दासीपुत्रापासून, जो आपली जात लपवून सेनापतीचा मानलेला मुलगा होतो, आणि जात उघडी पडतांच आईसह मारला जातो. एका जपानी डॉक्टरानें, तेझुका वैद्यकाचे पदवीधर होते, बुद्धाची गोष्ट सांगतांना पहिला बोट ठेवला तो जातीवर. ज्या महाराष्ट्रांत १९५६ सालीं नागपुरास लक्षावधि माणसांनीं बुद्धाचा मार्ग धरला, तेथें त्यांच्या नातवंडांनीं हें पुस्तक वाचावयाचें तर इंग्रजी शाळेची फी भरून यावें लागतें.

मूळ ग्रंथ चौदा खंडांचा. कोणताही मराठी प्रकाशक आंकडा ऐकूनच खुर्ची मागें सारील हें आम्ही जाणतों. म्हणून आमची मागणी लहान आहे. कोनोंच्या त्या एका पातळ पुस्तकापासून आरंभ करावा. त्यास रंग लागत नाहींत, कागद साधा चालतो, आणि पानें उजवीकडून डावीकडे लावतांना बांधणावळीचा खर्च कांहीं वाढत नाहीं. पहिली प्रत आमच्या त्या स्नेह्यांस पाठवावयाची आहे. तिची किंमत आम्ही आगाऊ भरण्यास तयार आहों.